तोरणमळला बघण्यासारखं काय आहे?

मागच्या वर्षी आमच्या टीममधली एक मैत्रीण सुट्टी काढून इटलीला जाऊन आली. परतल्यावर जेवणाच्या टेबलावर तिनं फोनमधले फोटो दाखवले. टस्कनी प्रांतातलं सान जिमिन्यानो नावाचं गाव होतं ते. टेकडीच्या माथ्यावर वसलेलं, भोवती तटबंदी, मधोमध दगडी मनोरे. एके काळी असे सत्तरच्या वर मनोरे होते म्हणे, आज चौदा उभे आहेत. १९९० पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथं ती द्राक्षांच्या मळ्यांतून चालली, सायकल चालवली, तटावर बसून सूर्यास्त पाहिला. मग फोन खाली ठेवत तिनं विचारलं, "तुमच्या नंदुरबारकडे असं काही आहे का रे?"

"आहे की. तोरणमळ."

"मग प्लॅन करून दे. दोन दिवसांचा."

मी शहाद्याचा. शहादा ते तोरणमळ साधारण ५५ किलोमीटर. आतापर्यंत आठ-नऊ वेळा तरी गेलो असेन. त्यामुळे त्याच रात्री मी एक शीट उघडली आणि रकाने पाडले : ठिकाण, अंतर, लागणारा वेळ, नेटवर्क, इतिहास. पहिले चार रकाने वीस मिनिटांत भरले. यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट, कमळ तलाव, गोरखनाथाचं मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुहा. पाचवा रकाना मात्र कोराच राहिला. सान जिमिन्यानोचा इतिहास तिनं मला जेवता जेवता सांगितला होता, आणि माझ्या घरापासून दोन तासांवर असलेल्या डोंगराबद्दल मला एक धड वाक्य लिहिता येईना. 'निसर्गरम्य' असं टाइप केलं आणि खोडलं.

हा लेख म्हणजे तो पाचवा रकाना.

माणसं डोंगरावर का जातात?

इटलीतली अशी गावं टेकड्यांवर का आहेत, याचं एक उत्तर कुणालाही सुचेल : शत्रू येताना लांबून दिसतो. दुसरं उत्तर जास्त रंजक आहे. खालच्या दलदलीच्या सपाटीवर ताप होता. टस्कनीच्याच किनाऱ्याकडचा मारेम्मा हा भाग त्या तापासाठी शतकानुशतकं बदनाम होता. लोक शेती खाली करत आणि राहायला वर जात. हा ताप खराब हवेतून येतो अशी समजूत होती. इटालियन भाषेत 'माला आरिया' म्हणजे वाईट हवा. मलेरिया हा शब्द तिथूनच आला.

माझ्या आजीला इटालियन येत नव्हतं, पण तिचा सिद्धांत जवळपास हाच होता. फरक एवढाच, की तिच्या मते दोष हवेत नव्हता, पाण्यात होता आणि खाली नव्हता, वर होता. आम्ही तोरणमळला निघालो की ती म्हणायची, "तठे काय शे? तठलं पाणी लागस." डोंगरातलं पाणी बाधतं, माणूस हिवतापानं पडतो, हे तिच्या पिढीतल्या सपाटीवरच्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. सातपुड्याचा पायथा हा खरोखरच हिवतापाचा पट्टा होता. डास हे कारण कळायला १८९७ साल उजाडलं. त्या वर्षी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले आणि पुढच्याच वर्षी इटलीत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी यानं माणसाला होणारा मलेरिया अ‍ॅनोफिलीस डासामुळे पसरतो हे दाखवून दिलं. म्हणजे माला आरियाही चूक आणि आजीचं पाणीही चूक. पण ताप खरा होता, आणि कोण कुठल्या डोंगरावर जाईल हे त्या तापानं बरंच ठरवलं.

थंडाव्याचा हिशोब तर अगदी सोपा आहे. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. तोरणमळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे शहाद्याहून हजारेक मीटर उंच. मे महिन्यात शहाद्यात ४३ अंश असतील तर वर ३६-३७. उन्हाळ्यात तापीकाठी राहणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा वाटतो.

मग प्रश्न असा, की इंग्रजांना हे दिसलं नाही का?

जे हिल स्टेशन झालंच नाही

इंग्रजांनी महाराष्ट्रातले थंड डोंगर शोधून शोधून वसवले. चिखलदरा १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनच्या नजरेत भरलं. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम यानं १८२८ मध्ये महाबळेश्वरला आजारी गोऱ्यांसाठी आरोग्यधाम उभारलं, तिथल्या वस्तीला मालकमपेठ असं नावही पडलं. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानवर चढला आणि १९०७ मध्ये तिथं छोटी रेल्वेही पोचली. या सगळ्या ठिकाणच्या पॉइंटांची नावं बघा : आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लुईझा. नावं वाचली की कोण बघत होतं ते कळतं.

तोरणमळला असं एकही नाव नाही. सीताखाई, खडकी, सातपायरी घाट. आणि तोरणमळ हे नाव तरी कुठून आलं? कुणी तोरणादेवी सांगतं, कुणी तोरणाची झुडपं दाखवतं. इंग्रजांना ही जागा ठाऊक नव्हती असं मात्र नाही. १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरचा खंड निघाला, त्यात 'तुरणमाळ' या नावानं तिची नोंद आहे. जुन्या तटबंदीचे अवशेष आजही माथ्यावर दिसतात, म्हणजे त्यांच्याही आधी कुणाला तरी ही जागा राखण्यासारखी वाटली होती. तरी इथं ना बंगले झाले, ना क्लब, ना घोड्यांची रपेट.

मला याची तीन कारणं दिसतात. पहिलं, जवळ मोठी छावणी किंवा मोठं शहर नव्हतं. महाबळेश्वरच्या मागे मुंबई-पुणे होतं. तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी रेल्वे नंदुरबारला पोचेपर्यंत एकोणिसावं शतक संपत आलं होतं. दुसरं, पायथ्याचा तो तापाचा पट्टा. वर हवा कितीही छान असली तरी वर जायला खालूनच जावं लागणार. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं : सातपुडा रिकामा नव्हता, आणि तो सहज ताब्यात येत नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीकडे आला. डोंगरातले भिल्ल नाईक मात्र कंपनीला जुमानत नव्हते. सपाटीवरच्या गावांकडून आणि घाटवाटांवरून मिळणारे आपले हक्क त्यांना हवे होते, आणि ते मिळाले नाहीत की ते लढत. बंदुकीनं हे आटोपत नाही म्हटल्यावर १८२५ मध्ये भिल्लांसाठी एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली. भिल्ल कोअर म्हणून ती ओळखली जाई आणि तिचं ठाणं धरणगावला होतं. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल कोअर, १८२८ मध्ये सह्याद्रीत मालकमपेठ. एकाच सरकारला तीन वर्षांत एक डोंगर बंदोबस्ताचा वाटला आणि दुसरा विश्रांतीचा.

हा बंदोबस्त पुढेही संपला नाही. १८५७ च्या उठावात सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक सरकारविरुद्ध उभा राहिला आणि एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यातल्या अंबापाणीला मोठी लढाई झाली. शाळेत असताना मी १८५७ म्हणजे मेरठ, झाशी, कानपूर असं पाठ केलं होतं. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगररांगेतही ते घडलं होतं, हे मला पंचविशीनंतर कळलं.

पर्यटकांच्या आधीचे ट्रेकर

आता शीटमधल्या 'अ‍ॅक्टिव्हिटी'कडे येऊ. मैत्रिणीला ट्रेक हवा होता. मी नकाशावर वाटा शोधत होतो, तेव्हा लक्षात आलं की इथल्या मोठ्या पायवाटा आधीच ठरलेल्या आहेत, आणि त्या यात्रेकरूंनी ठरवल्या आहेत.

सान जिमिन्यानोचीही गोष्ट अशीच आहे. रोमला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग तिथून जायचा, त्या येण्याजाण्यावर गावाला पैसा मिळाला आणि त्या पैशातून मनोरे उठले. तोरणमळला मनोरे उठले नाहीत, पण चालणारे आले. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून लोक येतात, आणि त्यातले कित्येक अनवाणी डोंगर चढतात. राज्यांच्या सीमा १९५६ ते १९६० च्या दरम्यान आखल्या गेल्या. पाय त्यांच्या कितीतरी आधीपासून चालत आहेत. त्याच सुमारास याच रांगेच्या पश्चिमेला, गुजरातेतल्या देवमोगऱ्याला आदिवासींच्या याहा मोगी मातेची यात्रा भरते.

दुसरी मोठी चढाई अस्तंब्याची. अक्राणी तालुक्यातलं हे शिखर १३२५ मीटर उंच आहे. दिवाळीत लोक तळोद्याकडून रात्रीचे निघतात, पूर्वी मशाली असत, आता विजेऱ्या आणि मोबाइलही असतात. वर अश्वत्थाम्याचं स्थान आहे. महाभारतातला हा शापित योद्धा कपाळावरची जखम घेऊन याच डोंगरांत भटकतो, तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा आहे. मला ही कल्पना फार आवडते. सगळ्या भारतानं ज्याला शाप दिला, त्याला इथल्या डोंगरानं वाटाड्याचं काम दिलं.

होळीच्या आधी येऊ शकलात तर भोंगऱ्या बाजार बघा. होळीच्या आधीच्या आठवडी बाजारांना इकडे भोंगऱ्या म्हणतात. काठी या जुन्या संस्थानाची राजवाडी होळी तर पहाटे पेटते, आणि मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर नक्षी काढलेले बुध्या रात्रभर नाचतात. फक्त एक लक्षात ठेवा. नाचणारा माणूस त्याआधी कित्येक दिवस व्रत पाळत असतो. त्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्याआधी विचारायचं असतं.

खडकी पॉइंटवरचा मुलगा

इतकं लिहून झाल्यावर रकाना भरला असं मला वाटलं. तारखा होत्या, नावं होती, इटलीशी तुलनाही जमली होती. मग खडकी पॉइंटच्या ओळीवर आलो आणि अडलो.

सातवीत आमची सहल तोरणमळला गेली होती. यशवंत तलावावर नाव काढून झाली (यशवंतराव चव्हाणांच्या नावावरून हे नाव आहे, हे सरांनी तीनदा सांगितलं), सीताखाईत ओरडून प्रतिध्वनी ऐकून झाले आणि संध्याकाळी आम्ही खडकी पॉइंटवर उभे होतो. समोर एकामागून एक डोंगर, जवळचे हिरवे, लांबचे निळे. आमच्या वर्गात एक मुलगा होता, तो शहाद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत राहायचा. आम्ही त्याला 'धरणवाला' म्हणायचो. नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

तो कठड्याशी उभा राहून उत्तरेकडे बोट दाखवत म्हणाला, "तिकडे आमचं गाव."

आम्ही पाच-सहा जण त्याच्या बोटाच्या दिशेनं बघायला लागलो. कुणीतरी म्हणालं, "कुठे? काही दिसत नाही."

"दिसणार नाही. पाण्यात आहे."

आम्ही हसलो. त्यानं विनोद केला असं आम्हाला खरंच वाटलं. तोही थोडा हसला आणि गप्प झाला. सरांनी शिट्टी वाजवली, आम्ही बसमध्ये चढलो.

त्या डोंगरांच्या पलीकडे नर्मदा आहे. गुजरातेतल्या सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली हे त्यातलं पहिलं. १९८५ पासून नर्मदा बचाव आंदोलनानं या गावांचा प्रश्न देशापुढे आणि जगापुढे मांडला. काही कुटुंबं खाली सपाटीवर, तळोदा-शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत आली. काही डोंगरातच पाण्याच्या रेषेच्या वर सरकत राहिली. धरणाची उंची टप्प्याटप्प्यानं वाढली, शेवटी १३८.६८ मीटर झाली. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचं लोकार्पण झालं. तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. धरणाचं काँक्रीट, दरवाजे, पाण्याचा दाब यांवर आम्ही कँटीनमध्ये बराच वेळ बोललो. मला त्या मुलाची आठवण झाली नाही.

ती आठवण आली शीट भरताना. त्या ओळीत 'इतिहास' म्हणून मी काय लिहिणार होतो? मी १८५७ शोधून काढलं होतं, १८८० चं गॅझेटिअर शोधून काढलं होतं. आणि माझ्या बाकापासून दोन बाकांवर बसलेला इतिहास मी हसण्यावारी नेला होता.

पॉइंट म्हणजे काय?

पॉइंट म्हणजे जिथून आपण बघतो ती जागा. जे दिसतं त्याला नाव नसतं. खडकी पॉइंटवरून खाली पाडे दिसतात : विखुरलेली घरं, उतारावरची शेतं, बारीक पायवाटा. तिथं पावरा आणि भिल्ल माणसं राहतात, पावरी-भिली बोलतात, आंबे वाळवून आमचूर करतात, मोहाची फुलं वेचतात. आपल्या फोटोत ते सगळं 'व्ह्यू' होऊन येतं.

त्या व्ह्यूमधून वर यायला काय लागतं, हे कधी कधी बातम्यांतून कळतं. जुलै २०२१ मध्ये याच भागातल्या सिंदीदिगरच्या घाटात प्रवाशांनी भरलेली जीप दरीत कोसळली. किमान आठ जण गेले. पावसाळ्यात आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून, खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या या तालुक्यातून दरवर्षी येतात. ज्या चढाला आपण ट्रेक म्हणतो, तोच चढ कुणीतरी झोळी घेऊन चढत असतं.

हे वाचून कुणी तोरणमळला जाऊ नये असं मला अजिबात वाटत नाही. उलट जावं. पर्यटकांमुळे हॉटेलात, नावेवर, सीताफळांच्या टोपलीवर चार पैसे मिळतात. सान जिमिन्यानोतही आज गर्दी पर्यटकांचीच असते. पण तिथं गेलेला माणूस तटबंदी कुणी बांधली, मनोरे कुणाचे, हे विचारतो. तोरणमळला गेलेला माणूस, म्हणजे मीच, 'इथं सनसेट किती वाजता?' एवढंच विचारतो. 'महाराष्ट्रातलं कुणालाच माहीत नसलेलं ठिकाण' अशा कॅप्शननं मीही एकदा फोटो टाकला होता. कुणालाच म्हणजे कुणाला? त्या फोटोत तीन घरं स्पष्ट दिसतात.

प्लॅन

शेवटी मी मैत्रिणीला पाठवलेली शीट थोडक्यात अशी आहे.

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात या. पावसाळ्यात दऱ्या सुंदर दिसतात, पण घाटात दरड आणि धुकं असतं, दिवसाउजेडीच चढा. पहिल्या दिवशी सकाळी वाट वाकडी करून प्रकाशाला थांबा. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या या गावाला दक्षिणकाशी म्हणतात. इथं १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण युगापासूनची वस्ती सापडली. म्हणजे सपाटीवरची माणसंही इथं साडेतीन हजार वर्षांपासून डोंगराकडे बघत आहेत. मग शहादा, म्हसावद, राणीपूर करत सातपायरी घाट. दुपारनंतर यशवंत तलाव. दुसऱ्या दिवशी पहाटे गोरखनाथ मंदिर आणि मच्छिंद्रनाथाची गुहा, नंतर सीताखाई. बहुतेक वेळ नेटवर्क नसेल, नकाशा आधीच उतरवून ठेवा. सोबत स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवून, घासाघीस न करता द्या. प्लॅस्टिक परत खाली आणा.

खडकी पॉइंटसमोर मी वेळ एक तास लिहिला. इतिहासाच्या रकान्यात लिहिलं : 'वाटाड्याला खाली दिसणाऱ्या पाड्यांची नावं विचार. एकेक करून. मग उत्तरेकडे तोंड करून उभी राहा. डोंगरांच्या पलीकडे पाणी आहे आणि पाण्याखाली माझ्या वर्गातल्या एका मुलाचं गाव आहे.'

तिनं शीट वाचून लगेच मेसेज केला, "कुठलं गाव?"

मला उत्तर देता आलं नाही. ते मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. शाळेच्या ग्रुपमध्ये तो नाही. त्याला जोडून घ्यावं असं कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. येत्या दिवाळीत घरी गेलो की त्या वसाहतीत जाऊन त्याचं घर शोधणार आहे. पहिल्यांदा त्याचं नाव नीट विचारेन, मग गावाचं. त्यानं सांगितलं तर शीटमध्ये भरेन. तोवर तो एक चौकोन कोराच ठेवला आहे.